बरडावरचा बाबा कुठला

बरडावरच्या बाबाच्या ओट्यावर कोणी नवा माणूस टेकला, की गोदाक्का पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि विचारायची, "गाव कोणतं, बापा?" माणूस जिंतूरचा असला तर, "आमचा बाबा तुमच्याच डोंगरातून उतरला." चुडाव्याचा असला तर, "तुमच्याच बाजूनं आला की, नदीकाठानं." सेलूच्या एका पिंजाऱ्याला तर तिनं बाबा पिंजारीच ठरवून दिला. बिचारा रडला.

ओट्याखाली निजलेला बाबा आमच्या गावाचा राखणदार. त्याच्यावर हिरवी चादर चढायची, बुक्काही लागायचा. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण खोटं मला खपत नाही. तिला तोंडावर म्हणालो, "आक्का, किती गावचा करशील त्याला?"

"आरं, पायी चालून आलेलं मानूस. त्याला परकं कशाला वाटू द्यायचं? तुला लय खरं पायजे, तर बाबालाच उठीव."

मूल ना बाळ, नवरा कधीच गेलेला. ओट्याच्या सेवेबद्दल सासऱ्याच्या घराकडं ओढ्याकाठचं एक शेत चालत आलं होतं, त्यावर तिचं पोट.

निजामाचे शेवटचे दिवस होते. तालुक्याहून गिरदावर, म्हणजे महसुलाचा साहेब, इनामी शेतांची नोंद करायला आला. ओट्यापुढं सगळं गाव जमलं. तो म्हणाला, "उदी उठाके बोल, बाई. बाबा फकीर था या बैरागी?" दोन्हीपैकी एक सांगितलं, की शेत तिच्याकडंच राहणार. नाही सांगितलं, तर सरकारात जमा. एकीकडून पाटील खुणावत होते, दुसरीकडून मुल्लाजी. मला धीर निघेना. मी ओरडलो, "आक्का, कायबी बोल, पण बोल!"

तिनं उदी उचलली. येईल त्याला नवं गाव सांगणारी ती बाई म्हणाली, "मला ठाव न्हाई, साहेब."

"फिर सोच."

"सोचून काय करू? मला ठाव न्हाई."

शेत गेलं. लिलावात ते पाटलांनी घेतलं. गोदाक्का सकाळी ओटा झाडायची आणि खुरपं घेऊन त्याच शेतात निंदायला जायची. वय झालेलं, कंबर धरलेली. बाकीच्या बाया पुढं निघून जायच्या, ही आपली मागं एकटी. मुकादम ओरडला तरी मान वर करायची नाही.

एकदा बांधावरून जाताना मला राहवलं नाही. म्हणालो, "जन्मभर लोकांना थापा मारल्यास. त्या गिरदावराला एक मारली असतीस तर काय बिघडलं असतं?"

ती हात टेकून खाली बसली. "त्या थापांनी मानसं ओट्यावर चढायली होती रं. ह्या एका थापंनं आर्धं गाव खाली उतरलं असतं." मग पदरानं मान पुसली. "लय थकले बघ. मुकादम बघायलाय, जा आता."

आणि खुरपं उचलून पिकाच्या पुढच्या तासाला लागली.