विषमुक्त वाडी

शाळेची मुलं माझी भुईगावची वाडी बघायला येतात. औषध न फवारता भाजी कशी पिकते, ते मी दाखवतो. मी मांस-मासे खात नाही, गावातली भांडणं मिटवतो, म्हणून मुलं विचारतात, "आजोबा, प्रेरणा कुठून मिळाली?" प्रार्थनेतून, असं मी सांगत आलो. ते खोटं आहे.

शेजारणीच्या कोंबड्या माझा पालक उकरायच्या. एकदा चिडून मी कीटकनाशकात भिजवलेल्या कण्या बांधावर टाकल्या. सगळ्या कोंबड्या मेल्या. आदल्याच दिवशी तिचं मोठ्या जावेशी पंपाच्या पाण्यावरून वाजलं होतं, त्यामुळे तिने जावेलाच धरलं. दोघे भाऊ हातघाईवर आले. मध्ये पडून समजूत घालणारा मीच होतो. माझं पहिलं शांतिकार्य ते! समेट झाला नाही, घरात भिंत आली. त्यानंतर ताटातल्या कोंबडीकडे मला बघवेना, आणि औषधाची बाटली मी पुन्हा आणली नाही.

मोठी जाऊ गेल्या महिन्यात वारली. धाकटी तिच्या मातीलाही गेली नाही. काल मी जाऊन धाकटीला सगळं सांगितलं.

तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला. "कोंबड्यांचं मरू द्या, भावजी. ती अंगणात पोरांची शपथ घेत होती, मी तिच्या तोंडावर थुंकले. तुम्ही तिथेच होतात ना?"

"होतो."

"मग आता मी कोणाची माफी मागू?"

ती उठून आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. जा, असंही तिने म्हटलं नाही.