खाऱ्या पाण्यातील अळ्या

पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात हिवताप खात्याचे एक निरीक्षक सायकलवरून येत. हँडलला लांब दांड्याचा पांढरा डाव अडकवलेला असे. डबक्यातले पाणी डावात घेऊन ते आधी निरखत, मग जिभेला लावून थुंकत. काहीही विचारले तरी त्यांचे पहिले उत्तर एकच असे, "बघूया."

एका सकाळी गावकरी बांधाच्या उघाडीच्या, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या, फळ्या काढायला जमले. खाडीचे पाणी आत घेतले की खाचरांतल्या डासांच्या अळ्या मरतील, अशी त्यांची समजूत होती. एक फळी उपसून सगळ्यांच्या पुढे उभी होती ती गावातली एक काकी. तिची सून हिवतापाने फणफणली होती.

"शेत खारवंल, काकी. मग भात नाय पिकायचा," निरीक्षक म्हणाले.

"नको पिकू दे! मानूस जगला पायजे."

"बघूया." बांधाबाहेर भरतीचे पाणी साचले होते. त्यात त्यांनी डाव बुडवला. "चाख गो."

काकीने बोट चाटून तोंड वाकडे केले. "ह्ये तर मीठच हाय!"

"आता डावात बघ."

हिवतापाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी तरंगते. तशा कितीतरी अळ्या त्या खारट पाण्यात जिवंत होत्या.

"खाचरातल्या मरतील, पण त्यांच्या जागी ह्या येतील. चल, आधी सुनेचं रक्त तपासू."

काकीने हातातली फळी पुन्हा खाचेत बसवली.

निरीक्षक मात्र क्षणभर डावात पाहतच राहिले. "मिठातही जगलात की!" ते पुटपुटले, आणि डाव तापलेल्या बांधावर उपडा केला.