नलूकाकूला खुर्चीवर बसवणाऱ्या ॲग्नेसबाई

आमच्या सरपंचांना त्यांच्याच खुर्चीवर बसवणारी बाई काल गेली. केनियात.

तिच्या मुलीचा मेसेज आला.

ॲग्नेसबाईंनी तिकडे आपल्या भागातली मुलींची पहिली शाळा काढली. पुढे त्या भागातून निवडून आलेली पहिली बाईही त्याच.
पण आमच्याकडे आल्या तेव्हा साध्या हेडबाई होत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आपल्याकडे बायका नुकत्याच सरपंच होऊ लागल्या होत्या. ते बघायला त्या पेण-रोह्याकडची गावं फिरत होत्या.
मी पेणच्या कॉलेजात. इंग्रजी बरं म्हणून दुभाषी. (बरं हे माझं मत.)

आमच्या गावची सरपंच माझी नलूकाकू. म्हणजे कागदावर.
शिक्का बाळाकाकांच्या खिशात, आणि काका बोट ठेवतील तिथे काकूची सही.

बाई आल्या त्या दिवशी शाळेत ग्रामसभा होती. ठराव एकच, गावाच्या तोंडाशी कमान बांधायची.
इकडे खालच्या आळीच्या विहिरीला खाडीचं खारं पाणी लागलेलं. बायका हंडे घेऊन हायवे ओलांडून जायच्या. आधी तिथे नळ घ्या म्हणून काकू वर्षभर भांडत होती.
घरात. सभेत ती कधी बसलीच नव्हती.

तर काका खुर्चीत, आणि काकू मागे शाळेच्या पडवीत पाहुणीसाठी पोहे करतेय.
काकांनी "मी सरपंच" म्हणून ओळख करून दिली. मीही निमूट त्याचं इंग्रजी केलं. काकांपुढे कोण बोलणार?

सत्काराला काका शाल घेऊन उठले, आणि म्हाताऱ्या मंडळींनी अडवलं. परक्या बाईला पुरुषानं शाल कशी घालायची? ओटी भरा, सवाष्ण बोलवा.

झालं. काकूला हाक गेली. पदराला हात पुसत आली, तांदूळ-नारळानं ओटी भरली.

बाईंनी मला विचारलं, ही कोण?
माझ्या तोंडून खरं निघून गेलं.
मग हे गृहस्थ?
म्हटलं, तिचे मिस्टर.

बाई काकांकडे बघून गोड हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे एक रीत आहे. गावची प्रमुख बसल्याशिवाय पाहुणी बसत नाही. बसली तर गावाला अपशकुन.

आणि ओटीतला नारळ सांभाळत उभ्याच राहिल्या.

रीत म्हटल्यावर म्हाताऱ्या मंडळींतले गणाआबाच म्हणाले, "बाला, ऊठ. पावनी उभी हाय."

काका उठले. काकू बसली, खुर्चीच्या अगदी टोकावर.

ग्रामसेवकांनी सवयीनं काकांकडेच बघत विचारलं, कमानीचा ठराव लिहू ना?

काकू म्हणाली, "कमान नको. खालच्या आलीला नळ लिवा."

काका काही बोलायला गेले.
"तुमी जरा पोह्यांकडं बगा. करपतील."

सभा इतकी हसली की गणाआबांना ठसका लागला. हसता हसता ठराव लिहिला गेला. वर्षभरात नळ आला.

पुढे कधीतरी बाईंनी पत्रात कबूल केलं की त्यांच्याकडे अशी काही रीत नाही. तिथल्या तिथे सुचली. या थापेबद्दल देवाची माफी मागितलीय, तुझ्या काकांची नाही, असंही लिहिलं होतं.
ही बाई राजकारणात जाणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आज काकूला फोन केला. बातमी ऐकून रडत होती.

मग म्हणाली, "लेक हाय ना गो तिला?"
म्हटलं, आहे. तिनंच कळवलं.
"मंग तिला सांग, घरात नको बसू."

इंग्रजी करून पाठवलं.

ॲग्नेसबाई, आमच्या अख्ख्या खालच्या आळीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.