बिराजदार मॅडमच्या बाटल्या

बिराजदार मॅडमच्या प्रयोगशाळेत जायचं म्हणजे दाराशी झडती द्यावी लागे. अंगठी, घड्याळ, साखळी सगळं प्लास्टिकच्या डब्यात काढून ठेवायचं, चपला बाहेर, आणि तोंडाला पावडर असेल तर आधी नळावर जाऊन यायचं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी आत देव असावा असं समजून उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला होता. मॅडम अक्कलकोटकडच्या. रोज पूजा करून कपाळाला भस्म लावत आणि कॉलेजात आल्या की ते साबणानं धुऊन टाकत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "देवाला चालतंय सर, आमच्या यंत्राला चालत न्हाई." आणि माझ्यापुढे डबा धरला.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. शिवाय समारंभ समितीचा कायमचा प्रमुख. शाल, श्रीफळ, समई, हार ही माझी खाती. त्यामुळे आमचं जमायचं काही कारण नव्हतं, पण डबा खायला आम्ही एका टेबलावर बसत असू आणि त्यांच्या शेंगाचटणीसाठी मी रसायनशास्त्र सहन करत असे.

सोलापुरात बसून ही बाई समुद्राच्या तळाचा अभ्यास करते, हा आमच्याकडचा नेहमीचा विनोद होता. मॅडमनी तो कधी मनावर घेतला नाही. खोल समुद्राच्या तळाशी मँगनीजचे बटाट्याएवढे काळे गोटे पडलेले असतात, हे मला त्यांनी भाकरीचा पापुद्रा उचलून दाखवत समजावलं. मँगनीजचं खनिज असंच पापुद्र्यांचं, आणि त्या पापुद्र्यांत काही ठिकाणी मँगनीजच्या जागा रिकाम्या राहिलेल्या. पाण्यात नावापुरतं असलेलं निकेल, कोबाल्ट, तांबं, जस्त येऊन तिथं चिकटतं. निकेल आधी नुसतं वर बसतं, मग हळूहळू रिकाम्या जागेत शिरतं आणि खनिजाचाच भाग होऊन जातं. वर बसलेलं सौम्य आम्लानं धुतलं की सुटतं. शिरलेलं सहजी सुटत नाही.

पुढे पुढे त्या माणसंही याच मापानं मोजू लागल्या. नवे प्राचार्य आले तेव्हा म्हणाल्या, "खुर्चीवर बसलेत, अजून शिरले न्हाईत." मी मराठीत शिरलोय की नुसता बसलोय, हेही त्यांनी एकदा चौघांत विचारून घेतलं.

निकेलला शिरायला किती वेळ लागतो, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी गोव्याहून समुद्राचं पाणी आणलं, काळं खनिज स्वतः तयार केलं आणि दोन्ही प्लास्टिकच्या बाटल्यांत घालून वर किंचित निकेल सोडलं. काही बाटल्या महिन्यांनी उघडायच्या, शेवटच्या कित्येक वर्षांनी. तोवर आत धुळीचा कणही जाता कामा नये, नाहीतर सगळी वर्षं पाण्यात. त्यांची विद्यार्थिनी आफरीन आणि त्या अशा दोघीच बाटल्यांना हात लावत.

अशात संस्थेच्या अध्यक्षांना कळलं, की आपल्याकडे समुद्राची प्रयोगशाळा आहे आणि तिचं उद्घाटनच झालेलं नाही. पितळेची समई, अगरबत्ती, कुंकू, नारळ अशी यादी घेऊन मी मॅडमकडे गेलो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, एवढंच त्या म्हणाल्या आणि यादी मला परत दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरची मोडक्या स्टुलांची खोली झाडून घेतली, पांढरी केली, टेबलावर मोरचुदाचं निळं पाणी भरून चंबू मांडले. ही तर फसवणूक झाली, असं मी म्हणालो.

"फसवणूक कशी?" मॅडम म्हणाल्या. "नारळ खरा, समई खरी, अध्यक्ष खरे. खोली तेवढी दुसरी की."

अध्यक्षांनी मोरचुदाच्या पाण्यात समुद्र पाहिला, सोलापूरला समुद्र आणल्याबद्दल स्वतःचंच अभिनंदन केलं आणि दाराशी आपल्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. समोरच्या बिनपाटीच्या खोलीत बाटल्या सुखरूप राहिल्या.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा शेवटच्या बाटल्या उरल्या होत्या. खोली राहू द्यावी म्हणून त्यांनी अर्ज केला. कार्यालयानं कळवलं, की दप्तरी प्रयोगशाळा समोर आहे, ही खोली रिकामी असून परीक्षा विभागाला दिली आहे. मला वाईट वाटलं. मॅडम मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बाटल्या पिशव्यांत बांधून, पेटीत घालून त्यांनी त्या स्टुलांच्या खोलीत ठेवल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. "उद्घाटन झालेल्या खोलीत कोण फिरकतंय सर? तितं लई सुरक्षित हाय."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. तिथं कुणीच गेलं नाही.

दीडेक वर्षानं त्यांना कर्करोग निघाला. आफरीन तोवर गोव्यातल्या एका संस्थेत लागली होती. ती भेटायला आली तेव्हा मीही दवाखान्यात होतो. एक बाटली आत्ताच उघडते, निदान तुम्हाला कळेल तरी, असं ती कळवळून म्हणाली.  मॅडमना मोह झाला होता, ते दिसत होतं.

"माझ्यासाठी निकेल लवकर शिरनार हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "वेळ झाल्याबिगर उघडायचं न्हाई."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. त्या भेटीच्या दिवशी मी दवाखान्याबाहेर येऊन रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ठरलेली वेळ भरली तेव्हा आफरीन आली. मी कुलूप उघडलं. ती दाराशी थांबली, कानातलं काढून माझ्या हातात दिलं आणि मगच आत जाऊन पेटी उचलली. काही आठवड्यांनी तिचा फोन आला. आम्लानं धुतलं सर, जवळजवळ सगळं निकेल सुटलंच नाही, शिरलंय, म्हणाली. 

मॅडमच्या नावानं शोधनिबंध छापून आला आणि आमच्या संस्थेनं स्मृतिसभा घेतली. समारंभ समितीचा प्रमुख म्हणून मीच केली. अध्यक्ष उठले, समोरच्या तसबिरीकडे हात करून म्हणाले, "हे जगन्मान्य संशोधन ज्या खोलीत पूर्ण झालं, तिचं उद्घाटन मी माझ्या हातानं केलं होतं."

टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत अध्यक्ष पहिल्यांदाच भाषणात अक्षरशः खरं बोलले होते, आणि ते ऐकून हसायला मॅडम नव्हत्या.