होडी जळत नाही

अमेरिका सर वर्षातून एकदा वर्गात खोटं बोलत. नेमकं एकदाच, आणि एखाद्याला पत्ता सांगावा इतक्या सरळ आवाजात. एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला ते अमेरिकन साहित्याचा ऐच्छिक पेपर शिकवत. एखाद्या कादंबरीवर बोलता बोलता पुस्तकात मुळीच नसलेली एक गोष्ट ते सांगून टाकत आणि पुढच्या मुद्द्याकडे वळत. वर्ग ती उतरवून घेई. मग कोणी पकडतं का, याची ते वाट पाहत. पकडणाऱ्याला बक्षीस नसे. कोणीच पकडलं नाही, तर सत्राच्या शेवटी ते स्वतःच सांगत आणि सगळ्यांना मिळून एक प्रश्न विचारत, "वाचलंत की ऐकलंत?"

सर अमेरिकेला कधी गेले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून ते पेठेतल्या आमच्या कॉलेजात येत आणि तसेच परत जात. कॉलेजच्या आसपासच्या घरांत मुलगा न्यू जर्सीला, सून टेक्सासला हा नेहमीचा हिशोब असल्यामुळे लोक त्यांना सहज विचारत, "सर, तुमचं कोण असतं तिकडे?" सर म्हणत, "कोणी नाही. म्हणून तर वाचावं लागतं."

आमच्या विभागाचं खरं प्रेम इंग्लंडवर होतं. कधी न पाहिलेल्या फुलांची आणि कधी न अनुभवलेल्या हिवाळ्याची वर्णनं तिथे फार हळव्या आवाजात शिकवली जात. विभागप्रमुख मॅडमच्या मते अमेरिकन साहित्य हे इंग्लंडच्या साहित्याचं धाकटं भावंड होतं. एका स्वागत समारंभात त्यांनी हे माइकवरून सांगितलं. त्यानंतर बोलायला सर उभे राहिले. "मॅडमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "धाकट्याच्या वाट्याला थोरल्याचे कपडे येतात. ते बाहीत लांब, खांद्यात घट्ट. त्या लोकांनी ते उसवून आपल्या मापाचे कसे केले, एवढंच या पेपरात बघायचं. आपल्याकडेही त्याच घरचे कपडे आलेत. आपण अजून इस्त्री करतोय." मॅडम हसल्या. विनोद आहे, असं त्यांना वाटलं असावं.

भाषणाचा परिणाम शून्य झाला. त्या वर्षी हा पेपर आम्ही अकरा जणांनी घेतला. दहाच्या खाली संख्या गेली की ऐच्छिक पेपर बंद करायचा, असा कॉलेजचा नियम होता. सर दर जुलैत कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून आकडा विचारत. संख्या कमी असण्याचं कारण साहित्याशी संबंधित नव्हतं. इतर पेपरांना बाजारात गाइडं मिळत. अमेरिकन साहित्याला गाइड नव्हतं. पुस्तकं वाचावी लागत, आणि एवढ्यासाठी एम.ए. करायला फारसं कोणी आलेलं नव्हतं.

सरांची शिकवण्याची पद्धतही सोयीची नव्हती. लेखकाचं चरित्र, कालखंड, वाङ्मयीन प्रवाह हे सगळं ते शेवटच्या आठवड्यात उरकत. पहिल्या दिवशी फळ्यावर दोन नकाशे टांगत, एक अमेरिकेचा आणि एक महाराष्ट्राचा. कादंबरीतलं गाव अमेरिकेच्या नकाशावर दाखवायचं आणि मग त्याच्या जवळचं वाटणारं गाव महाराष्ट्राच्या नकाशावर शोधायचं, हा पहिला गृहपाठ. दुसरा गृहपाठ म्हणजे प्रत्येक पात्राचं पोट कशावर चालतं ते लिहिणं. कोणी वर्गात अमेरिकन स्वप्न हे शब्द उच्चारले, तर ते खडू खाली ठेवत. "स्वप्नाचं नंतर बघू," म्हणत. "या माणसाने सकाळपासून काही खाल्लंय का, ते आधी सांगा." उत्तर बहुतेक पुस्तकात असे. बहुतेकांना ते माहीत नसे.

वर्गात मोठ्याने वाचायला लावत. सर स्वतः वाचत ते स्वच्छ मराठी वळणाच्या इंग्रजीत, कसलाही संकोच न ठेवता. आमच्यात मेश्राम नावाची एक मुलगी होती, वर्धा जिल्ह्यातली. मुलींच्या वसतिगृहात राहायची. पुण्यात आल्यावर पहिले सहा महिने ती जवळजवळ गप्प होती, कारण तिने तोंड उघडलं की आधी तिच्या मराठीला आणि मग इंग्रजीला कोणी ना कोणी हसायचं. हसणाऱ्यांत मीही होते. आवाज न करता हसायचे, एवढाच फरक.

एकदा सरांनी तिला वाचायला उभं केलं. उतारा एका गुलामाच्या आत्मकथनातला होता. अक्षरओळख करून घेणं हाच त्या माणसाचा गुन्हा होता. तिने पहिल्याच ओळीत अडखळून मागच्या बाकाकडे पाहिलं.

"मागे काय बघता?" सर म्हणाले. "तो माणूस ज्या भाषेत लिहितोय ती त्याच्या मालकाची होती. त्याने उच्चारांची परवानगी मागितली होती का?"

"नाही, सर."

"मग तुम्ही कोणाची मागताय?"

तिने पूर्ण पान वाचलं. मग पुस्तक न मिटताच म्हणाली, "सर, आमचे आजोबा शाळेच्या बाहेर बसून शिकले. आमच्या घरी हे सगळ्यांना माहीत आहे. हे पुस्तक तेवढं माहीत नव्हतं."

"मग उरलेला तास तुम्ही घ्या," सर म्हणाले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. तिने तास घेतला. इंग्रजीत सुरू केला, मराठीत संपवला. सरांनी मध्ये दोन शंका विचारल्या आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. विद्यार्थ्याचं बोलणं लिहून घेणारा प्राध्यापक त्या इमारतीत दुसरा नव्हता.

त्या वर्षीचं खोटं होडीबद्दल होतं. कादंबरी एका नावाड्याची. तिचं नाव इथे देत नाही, ती अजून काही ठिकाणी अभ्यासक्रमात आहे. मोठ्या नदीवर लोकांना पैलतीरी नेऊन सोडणं हा त्याचा पिढीजात धंदा. मग नदीवर पूल होतो. होडीत बसायला कोणी येईनासं होतं, आणि शेवटी तो त्याच पुलावर मजुरी धरतो. सर एका गुरुवारी सहज म्हणाले, "शेवटच्या पानावर तो होडी पेटवून देतो. आता याच्या निवेदकाकडे बघू." मी लिहिलं, नावाडी होडी जाळतो. शेजारी समासात लिहिलं, अग्नी, शुद्धीकरणाचं प्रतीक. हे प्रतीक माझं स्वतःचं होतं. पुस्तक मी अर्धं वाचलं होतं.

माझं अक्षर चांगलं होतं. नोट्स पूर्ण असत, मथळ्यांखाली रेघा असत. वर्गातल्या मुली वही मागत, आणि दर वेळी देण्याघेण्यापेक्षा ती मी कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवून देई. दुकानदार वहीची वाट पाहत असे. "ताई, पुढचं युनिट कधी?" असं तो सरांपेक्षा जास्त आस्थेने विचारी. त्या गुरुवारीही वही तिथे गेली.

शनिवारी मेश्राम वर्गात उभी राहिली. "सर, नाव कोणी जाळते का?"

"का नाही जाळणार?"

"आमच्या गावाजवळ पूल झाला तेव्हा नावाड्याने नाव पालथी घालून झाडाखाली ठेवली. दर पावसाळ्याआधी डांबर लावते अजून. विचारलं तर म्हणते, पुलाचा काय भरोसा. म्हणून मला वाटलं, हा पण जाळणार नाही. मी ग्रंथालयात जाऊन शेवटचं पान पाहिलं. तो होडी बांधते. निघून जाते, परत येऊन गाठ तपासते."

सरांनी चष्मा काढला. "आजवर माझं खोटं कोणी पकडलंच, तर पुस्तकात पकडायचं," ते म्हणाले. "तुम्ही ते गावात पकडलंत आणि पुस्तकात तपासलंत. हा पेपर कसा शिकायचा, ते मला चार तासांत सांगता आलं नसतं."

मी वही उघडायला गेले. वही दुकानात होती. दुपारी परत आणली, होडीच्या ओळीवर काट मारली आणि समासातला अग्नी विझवला. प्रती तोवर निघाल्या होत्या. दुकान कॉलेजपासून चार मिनिटांच्या अंतरावर होतं. परत जाऊन दुकानदाराला सांगता आलं असतं. मी गेले नाही. अकरा जणांना खरं कळलं आहे, एवढं पुरे असं मला वाटलं.

दोन वर्षांनी मी एका दैनिकात उपसंपादक होते. त्या काळात अमेरिकन साहित्याची लोकप्रियता अचानक वाढल्याचं कळलं. पेपर घेणारे बावन्न झाले होते. मॅडम सरांना म्हणाल्या होत्या, "सर, तुमची अमेरिका जोरात आहे." कारण साधं होतं. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत आता या पेपराचं गाइड मिळत होतं. मी ते विकत घेतलं. मथळे माझे होते, क्रम माझा होता. होडी जळत होती, आणि माझ्या समासातल्या तीन शब्दांचा तिथे दीड पानी परिच्छेद झाला होता.

मी सरांच्या घरी गेले. ते नुकतेच उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावरून आले होते. गाइड टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उघडलंही नाही.

"आज एकवीस होड्या जाळल्या," ते म्हणाले. "तीन कॉलेजांनी मिळून. एकाने तर धुराचा वास वर्णन केलाय. चांगलं लिहिलंय."

"सर, ही वही माझी होती."

"माहीत आहे. चौथा मुद्दा तिसऱ्याच्या आधी घ्यायची सवय तुमचीच."

"मी दुकानात जाऊन सांगायला हवं होतं."

"हो." त्यांनी गाइड माझ्याकडे परत सरकवलं. "तुमचं अक्षर चांगलं होतं, ही अडचण झाली. वाईट अक्षरातलं खोटं फार लांब जात नाही."

त्या एकवीस जणांना किती गुण दिले, असं मी विचारलं. सरांनी सगळ्यांना पास केलं होतं. "न वाचता लिहिलं म्हणून नापास करायचं, तर सुरुवात तुमच्यापासून करावी लागेल," ते म्हणाले. "आणि खोटं सांगितलं म्हणून करायचं, तर माझ्यापासून."

जूनमध्ये त्यांनी विभागाच्या फलकावर स्वतःच्या हाताने एक सूचना लिहून लावली. ती मी नंतर उतरवून घेतली, या वेळी फलकासमोर उभी राहून. 'नावाड्याच्या कादंबरीत होडी जळत नाही. ती जळते असं मी वर्गात सांगितलं होतं. ते खोटं होतं. बाजारातल्या नोट्समध्ये ते खोटं आहे. पुस्तकात नाही. पुस्तक ग्रंथालयात आहे.' खाली सही.

प्रवेश सुरू व्हायला आठवडा होता. मॅडम स्वतः त्यांच्या टेबलापाशी आल्या. "अहो सर, ही सूचना ऑगस्टमध्ये लावा ना. नावं नोंदवून होऊ देत."

"ऑगस्टमध्ये होडी जळणार आहे का?"

"तसं नाही. पण गाइड चुकीचं आहे म्हटल्यावर मुलं येतील का? संख्या दहाच्या खाली गेली तर मी काही करू शकणार नाही, आधीच सांगते. पेपर तुमचा आहे."

"पेपर माझाच आहे. म्हणून तर सही केली."

मुलांनी सूचना लक्षपूर्वक वाचली. तिचा त्यांनी काढलेला अर्थ असा, की आता पुस्तक वाचावं लागेल. नऊ जणांनी नाव नोंदवलं. सर शेवटच्या दिवशी कार्यालय बंद होईपर्यंत खिडकीशी उभे होते. दहावा आला नाही. पेपर बंद झाला, आणि त्याच्या जागी दुसरा आला. त्याचं गाइड तयार होतं. त्या नऊ जणांना सरांनी वर्षभर रविवारी सकाळी आपल्या घरी शिकवलं. परीक्षा त्यांची वेगळ्याच पेपराची होती. तरी सात जण शेवटपर्यंत आले. दोन्ही नकाशे दिवाणखान्यात, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेले असत.

सर मागच्या हिवाळ्यात गेले. शहर पान बघणाऱ्या सहकाऱ्याने सहा ओळींची बातमी माझ्याकडे पाठवली. दुसरी ओळ होती, अमेरिकेतून उच्च शिक्षण घेतलेले ज्येष्ठ प्राध्यापक.

"हे वाचलंस की ऐकलंस?" मी विचारलं.

"मॅडम, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आहे. सगळे तेच म्हणतायत. शिवाय त्यांना अमेरिका सरच म्हणायचे ना?"

मी ती ओळ काढली. मग घरच्यांना फोन करून वय, गाव आणि नोकरीची वर्षं तपासली. त्यात आणखी एक चूक निघाली. बातमी पाच ओळींची झाली. उरलेल्या जागेत पाणी बंद राहणार असलेल्या पेठांची यादी एका ओळीने वाढली.

संध्याकाळी मेश्रामला फोन केला. ती वर्ध्याकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. अमेरिकन साहित्याचा पेपर तिने तिथे तीन वर्षांपूर्वी सुरू करून घेतला. तिला बातमी कळली होती. मग मी विचारलं, पेपरला किती जण आहेत. ती म्हणाली, बारा.

"नकाशे लावतेस?"

"लावते. दोन्ही."

"आणि खोटं? ते सांगतेस का वर्षाला एक?"

"सांगते."

"या वर्षी काय सांगितलंस?"

"ते तुले नाही सांगत," मेश्राम म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं आहे."