धरलाय की धरलीय

सोनिवलीत नव्या इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा, नव्वद-एक्क्याण्णव सालात, हरिचंद्राच्या ट्रॅक्टरला विटा वाहण्यापासून उसंत नव्हती. ट्रॅक्टर दिसला की पोरं धावत येऊन मडगार्डवर चढायची, आणि हा गडी त्यांना नाही म्हणेल तर शपथ! पोरं त्याच्यावर खूश होती. तोही स्वतःवर जरा जास्तच खूश होता.

त्या दिवशी मडगार्डवर त्याची पुतणी बसली होती, सहा वर्षांची चिमी. निघताना त्याने आपला जेवणाचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. "सांडू नको हां," म्हणाला. मग इंजिनाच्या धडधडाटात ओरडला, "धरलंस का गो?"

"धरलाय, काका!"

ओढ्याच्या उतारावर पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि चिमी खाली पडली. मागचं चाक फक्त पायावरून गेलं, एवढंच नशीब. दवाखान्यात वहिनी आली, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "मडगार्डची दांडी धर सांगितलं होतं मी. हिनंच हात सोडला."

पोरगी वाचली, पाऊल मात्र वाकडं राहिलं. हरिचंद्राच्या डोक्यात एकच शब्द घोळत राहिला. दांडी धरली असती तर पोर 'धरलीय' म्हणाली असती. ती म्हणाली 'धरलाय'. तिने डबा धरला होता, दोन्ही हातांनी, त्यानेच बजावलं म्हणून. हे कळूनही तोंड उघडायची त्याला लाज वाटत होती. त्याने मडगार्डवर बाभळीचे काटे बांधले. पोरं जवळ आली की अंगावर धावून जाऊ लागला. चांगल्या माणसाला झालं तरी काय, असं गाव विचारायचं.

दोनेक वर्षांनी चिमी एकदा लंगडत ट्रॅक्टरपाशी आली. काट्यांकडे बघत म्हणाली, "काका, तुझा डबा सांडला म्हणून रागावलास ना माझ्यावर?"

हरिचंद्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने इंजिन बंद केलं.

"नाय गो. तुझी काय बी चूक नव्हती. डबा मीच दिला तुझ्याकडं. अन् त्या पत्र्यावर तुला बसवायलाच नको होतं मी. तिथं बसायची जागाच नाय."

चिमीने जरा विचार केला.

"मंग आईला सांग ना. ती मला अजून हातसोडी म्हणते."

हरिचंद्र खाली उतरला, आणि तिच्या चालीने, हळूहळू, वहिनीच्या दाराकडे निघाला.