चूक देणाऱ्याची

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसून जगातलं शोषण कसं संपवायचं यावर भांडत असतील, तर शोषण संपेल की नाही हे सांगता येत नाही. किस्से मात्र साचतात! आमच्याकडे तर इतके साचलेत की एखाद्या लग्नात आम्ही जुने लोक एकत्र दिसलो की पोरं हळूच खुर्च्या उचलून लांब जातात. त्यांना माहीत असतं, आता अण्णा सुरू होणार.

अण्णा म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या वर्कशॉपचे टर्नर. कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये नव्वदच्या आसपास आमचं अभ्यास मंडळ भरायचं. समाजवाद, मार्क्सवाद, कामगार चळवळ, असल्या पुस्तकांनी बाहेरच्या खोलीची एक भिंत भरली होती. नवा माणूस आला की त्याला पहिलं पुस्तक कोणतं द्यायचं हे अण्णा ठरवायचे. माणसाकडे बघायचे, इकडचे तिकडचे प्रश्न विचारायचे आणि फळीवरून एक पुस्तक काढून हातात ठेवायचे. पुस्तकाबरोबर एक नियमही मिळायचा.

"पहिलं प्रकरण वाच. नाही कळलं तर परत आण. चूक तुझी नाही, लिहिणाऱ्याचीही नाही. चूक देणाऱ्याची!"

आणि चूक झाली की शिक्षाही तेच भोगायचे. त्या माणसाला समोर बसवून ते प्रकरण आपल्या शब्दांत सांगायचे, अगदी कळेपर्यंत. मगच दुसरं पुस्तक.

* * *

मी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. नोकरी नवी, डोक्यात हवा जुनी. पहिल्याच रविवारी छाती काढून म्हणालो, "अण्णा, मला ते मूळ पुस्तक द्या. सगळ्यात जाड असेल ते."

"शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस?"

"आयटीआयचं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर लग्न झालं."

अण्णांनी मान डोलावली आणि एक पातळशी पुस्तिका काढून दिली. पगार म्हणजे काय आणि तो ठरतो कसा, एवढंच सांगणारी. माझा चेहरा पडला.

"जाड पुस्तक उशाला बरं असतं," अण्णा म्हणाले. "डोक्यात जायला पातळच लागतं!"

ती मी सेकंड शिफ्टला जाता-येता बसमध्ये वाचून काढली. पुढच्या पगाराचं पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसलो, तेव्हा बायको घाबरली. "का हो, कमी आलाय का?"

म्हटलं, "नेहमीइतकाच आलाय. पण कमी आहे, हे आत्ता कळलं!"

* * *

गंगापूर रोडला राहणारे एक प्राध्यापक मंडळात यायचे. कुलथे सर. अतिशय सज्जन माणूस, फक्त 'बसा' म्हणायचं असलं तरी आधी प्रस्तावना करायचे. सरांना अण्णांची ही माणूस बघून पुस्तक द्यायची पद्धत मुळीच मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, याला शिस्त पाहिजे, सिलॅबस पाहिजे. आधी जर्मन तत्त्वज्ञान, मग इंग्लंडचं अर्थशास्त्र, मग फ्रान्समधला समाजवाद, आणि मग कुठे आपण मूळ विषयाला हात घालायचा.

"सर," अण्णा म्हणाले, "भुकेल्या माणसाला पानावर बसवून आधी शेतीचा इतिहास सांगायचा का?"

पण सर हटेनात. शेवटी ठरलं, पुढचा जो माणूस येईल तो सरांचा.

पुढचा आला पिंगळे. निफाडकडचा, घरी द्राक्षबाग, वीज केंद्रात नुकताच चिकटलेला. सरांनी त्याला तत्त्वज्ञानाचा एक ठोकळा दिला. महिनाभर पिंगळे दिसलाच नाही. नंतर आला तो पुस्तक छातीशी धरून.

"वाचलंत?" सरांचा चेहरा फुलला.

"वाचलं ना सर. संध्याकाळी बापालाबी वाचून दाखवलं."

"अरे वा! काय म्हणाले वडील?"

पिंगळे जरा घुटमळला. "म्हनला, ज्यानं लिव्हलंय त्याला आपल्याकडं छाटणीला धाडून दे. लय काड्या ठेवल्यात, घड एक नाय!"

सगळ्यात जास्त वेळ सर स्वतःच हसले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "चूक देणाऱ्याची." त्या दिवसापासून सर मला आवडायला लागले.

* * *

पुढे तिकडे मॉस्कोत लाल झेंडा उतरला. आमच्याकडे वर्षातून एकदा पुस्तकांची गाडी यायची, गुळगुळीत कागदाची तिकडची पुस्तकं चहाच्या भावात मिळायची, ती गाडी शेवटची येऊन गेली. कॉलनीत अण्णांची चेष्टा सुरू झाली. कॅन्टीनमध्ये एकजण मोठ्यानं म्हणाला, "काय अण्णा, दुकान बंद झालं म्हणे तुमचं!"

अण्णांनी शांतपणे भुरका मारला. "औषधाचं दुकान बंद झालं म्हणून आजार बरा होतो का रे?"

त्यानंतर दोन दिवस अण्णा कॅन्टीनकडे फिरकले नाहीत. त्यांना लागलं होतं, हे आम्हाला दिसत होतं. विचारायची हिंमत मात्र एकाचीही झाली नाही.

त्या शेवटच्या गाडीतून त्यांनी उरलीसुरली लहान मुलांची पुस्तकंही उचलून आणली होती. सर म्हणाले, "ही कशाला?" अण्णा म्हणाले, "लागतील."

आणि लागली! लहानू आला. पेठकडचा, भातशेती आटोपली की कोळशाच्या कंत्राटी कामावर यायचा. वाचता यायचं, पण अक्षराला अक्षर लावत. अण्णांनी त्याला अस्वलांच्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक दिलं.

सर कासावीस झाले. "अण्णा, यात समाजवाद कुठे आहे?"

"शेवटच्या पानावर. मध सगळे वाटून खातात."

लहानू पुढच्या रविवारी हात हलवत आला. अण्णांनी विचारलं, "नाही का कळलं?"

"कळला ना. पन पोरगी पुस्तक देतच नाय, अण्णा. उशाला घेऊन निजते."

"मग बरोबर माणसाला दिलं," अण्णा म्हणाले. तेव्हा ते फार दिवसांनी हसले.

* * *

आता अण्णांचा एकमेव जाहीर पराभव सांगतो. तो म्हणजे वहिनी.

इंदूवहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. अण्णा दर थोड्या दिवसांनी त्यांना एक पुस्तक द्यायचे आणि वहिनी ते न चुकता परत आणायच्या. "नाही बाई कळलं."

मग अण्णा नियमाप्रमाणे स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसायचे. वहिनी अर्धी मेथीची जुडी त्यांच्यापुढे सरकवायच्या आणि निवडता निवडता अण्णांचा आवाज बाहेर ऐकू यायचा, "हे बघ, समजा, एक बाई आहे. ती दिवसभर मेथी निवडते. आता, जुड्या कुणाच्या?" एरवी अण्णा घरात असे किती असायचे? शिफ्ट, युनियन, सभा, कुणाची तरी कोर्टाची तारीख. वहिनींशी सलग बोलताना आम्ही त्यांना पाहिलं ते त्या पाटावरच.

सरांना वहिनींबद्दल फार वाटायचं. एकदा म्हणाले, "त्यांना एखाद्या सोप्या कादंबरीपासून सुरुवात करून द्या ना."

"दिली होती," अण्णा हताश होऊन म्हणाले. "तीही कळली नाही!"

* * *

एका रविवारी सर श्रम या विषयावर रंगात आले होते. जगात जे जे दिसतं त्यामागे कुणाचे तरी हात असतात, पण ते हात दिसत नाहीत, वगैरे. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला.

"अहो सर, चहा कुणी केला, हे कितव्या प्रकरणात आहे?"

सरांचा कप हवेतच राहिला. पिंगळे माझ्या कानात कुजबुजला, "काय बी कळत नाय म्हनतात, आन प्रकरण बरोब्बर इचारतात!" आम्ही दोघं तोंड दाबून हसलो आणि विसरून गेलो.

अण्णा मात्र उठले. "बरोबर आहे तिचं. आजपासून पाळीपाळीनं."

पहिली पाळी सरांची. त्यांनी चहाच्या इतिहासासकट चहा केला. त्यात साखर पडली नव्हती. पिंगळ्यानं एक घोट घेतला आणि हात जोडले. "अण्णा, क्रांती जरा लांबली तरी चालंल, पन वहिनींना परत बोलवा!"

वहिनी काही चहा करायला परतल्या नाहीत. पदर खोचून बाहेरच्या खोलीत आमच्याबरोबर बसल्या आणि पुढची सगळी वर्षं आम्ही एकमेकांच्या हातचा चहा प्यायलो. माझा चहा आज बरा होतो, त्याला हे कारण आहे.

* * *

अण्णा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. जेल रोडला दोन खोल्या घेतल्या. भिंत बदलली, पुस्तकं तीच. मंडळ तिथे भरायला लागलं.

आणि दोन हजार सालानंतर केव्हातरी एका सकाळी अण्णांना अर्धांगाचा झटका आला.

जीव वाचला. उजवा हात गेला, तोंड जरा वाकडं झालं, एखाद-दुसरा शब्द कसाबसा यायचा. डॉक्टर म्हणाले, ऐकलेलं सगळं कळतंय, डोकं शाबूत आहे. पण वाचणं गेलं. अण्णांपुढे पेपर धरला की ते नुसते बघत राहायचे. अक्षरं दिसत होती, पण ओळख देत नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात पुस्तक ठेवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं! मी घरी येऊन रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

अण्णांनी पुस्तकांच्या भिंतीकडे पाठ केली. जेवायला नको, बोलायला नको. आम्ही गेलो की डोळे मिटून पडायचे. वहिनी म्हणाल्या, "दुखणं तेवढं नाही हो. त्यांनी सोडून दिलंय."

मग मंडळाची तातडीची बैठक भरली, आणि विषय तोच, जो इतकी वर्षं चालला होता. पहिलं पुस्तक कोणतं? फक्त या वेळी ते अण्णांना द्यायचं होतं. वाचून दाखवायचं, पण काय?

सर म्हणाले, तत्त्वज्ञान. त्यांनी घसा खाकरून अर्धं पान वाचलं. अण्णांनी डावा हात वर करून थांबवलं. पिंगळ्यानं चळवळीच्या आठवणींचं पुस्तक आणलं, अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. मी माझी ती पातळ पुस्तिका वाचायला लागलो आणि पहिल्याच परिच्छेदात मलाच पुढे वाचवेना. शेवटी लहानूनं पिशवीतून अस्वलाचं पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, कोपरे चघळलेले. पोरगी आता आश्रमशाळेत नववीला होती, तिनंच पाठवलं होतं. ते बघून अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण त्यांनी मान हलवली. नको.

आम्ही चौघं बाहेर ओट्यावर येऊन उभे राहिलो. कुणीतरी म्हणालं, "चूक देणाऱ्याची." हसू कुणालाच आलं नाही.

वहिनी चपलांपर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "तुम्ही सगळे रविवारचे. मधल्या दिवसांचं मी बघते. आणि ती पातळ पुस्तिका ठेवून जा."

पिंगळे रस्त्यात म्हणाला, "वहिनींना ते झेपायचं नाय." सरांनीही उसासा टाकला.

* * *

द्राक्षांचे दिवस होते. पिंगळ्यानं अण्णांसाठी बागेतली द्राक्षं दिली, ती पोचवायला मी मधल्याच एका दुपारी जेल रोडला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारणार, तेवढ्यात आतून वाचण्याचा आवाज आला.

अण्णा उठून खुर्चीत बसले होते. मांडीवर ताट, ताटात मेथी. डाव्या हातानं एकेक पान खुडत होते, अर्धी पानं ताटात, अर्धी खाली. समोर पाटावर वहिनी. चष्मा लावून ती पुस्तिका वाचत होत्या. कुठे अडखळत नव्हत्या. जिथे थांबायला हवं तिथे थांबत होत्या, जिथे हसायला हवं तिथे जरा हसत होत्या. ती पुस्तिका अण्णांनी आम्हाला प्रत्येकाला कधी ना कधी दिलेली. अण्णांना ती अख्खी पाठ होती, आमचा स्वल्पविराम चुकला तरी टोकायचे.

प्रकरण संपलं. वहिनींनी चष्मा काढला.

"कळलं का?"

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. ताटातल्या मेथीकडे पाहिलं. मग त्या वाकड्या ओठांवर काहीतरी हललं, आणि मोठ्या कष्टानं, पण अगदी स्पष्ट शब्द आला.

"नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "चूक माझी."

मी पिशवी दाराच्या कडीला अडकवली. आत पाट पुढे सरकल्याचा आवाज झाला. वहिनींनी ताटातली अर्धी मेथी आपल्या ओच्यात घेतली.

"हे बघा, समजा, एक बाई आहे..."